महाराजांपुढे मी शिंकले

हसणार नसाल तरच सांगते. जाऊ द्या, हसणारच तुम्ही!

बाबांना दरबारच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून आम्ही नुकतेच नागपूरहून ग्वाल्हेरला आलो होतो. एका सकाळी आई म्हणाली, "पाटणकर बाजारातून चार हार घे आणि मामाला नेऊन दे. महाराजांच्या सेवेत असतो बिचारा, सवड कुठली त्याला!" मामा जुना ग्वाल्हेरकर. ती सेवा म्हणजे नेमकं काय, हे विचारावं असं मला वाटलं नाही. इतिहास घेऊन बी.ए. झाले होते ना मी!

पत्ता विचारत पोचले. दारावरचा शिपाई कुजबुजला, "अंदर हैं, बाईसाब. महाराज का थाल लगा है, चुपके से जाइयो."

महाराज? जेवताहेत? आणि मी अशी हार घेऊन आत जायचं? त्यात बाबांनी त्याच दिवशी कचेरीत ताप कळवला होता, आईला 'कचेरीत जातो' असं सांगितलं होतं, आणि स्वारी गेली होती कुस्त्या बघायला. हे फक्त मला ठाऊक!

आत अंधूक उजेड. समोर साक्षात महाराज! पगडी, जरीचा अंगरखा, गळ्यात मोती, पुढ्यात चांदीचं ताट. एकजण चवरी ढाळतोय, एक बुवा सारंगीच्या साथीनं गाताहेत. मी पदर डोक्यावर ओढला, वाकून मुजरा केला आणि उभी राहिले. आज्ञा नसताना पाठ कशी फिरवायची?

थोड्या वेळानं गाणं थांबलं, सगळे बाहेर गेले. उरलो महाराज आणि मी. आणि हारातल्या झेंडूनं डाव साधला. शिंक! तीही कशी? कमानी घुमल्या!

"माफी असावी, महाराज."

महाराज गप्प. नजर रोखलेली. पापणीसुद्धा लवेना! अशा नजरेपुढे कोण टिकेल, सांगा! मला वाटलं, यांना सगळं कळलंय.

"महाराज, बाबांना ताप नाहीये हो! कुस्त्यांना गेलेत. पण नोकरीवरून नका काढू, पुन्हा नाही जाणार ते!"

"अगं, कोणाशी बातें करते आहेस?" मागे मामा उभा.

"महाराजांशी!"

मामा हसत हसत खालीच बसला. "वेडाबाई, ही छत्री आहे, महाराजांची समाधी! हे महाराज जाऊन जमाना झाला. ही त्यांची मूर्ती. हयातीत होतं तसंच कपडे, जेवण, गाणं, सगळं रोज चालू ठेवलंय इथं."

मूर्ती! दगडाची! बाबांची नोकरी शाबूत! मी आधी रडले, मग खांबाला धरून हसत सुटले.

"घाबरू नकोस," मामा म्हणाला. "यांनी आजवर कोणाचं गुपित फोडलं नाही."

अहो, कसली हलकी झाले मी! टांगासुद्धा केला नाही, जवळजवळ पळतच घर गाठलं. आईला चुलीपुढून उठवून सगळं साभिनय सांगितलं. मुजरा, शिंक, माझी विनवणी, एक शब्द गाळला नाही. आई डोळे पुसत हसत होती.

हसता हसता थांबली.

"कुठल्या कुस्त्या गं?"