डोंगरात मागून येणारा माणूस

बाळांनो, तुमच्या आजीचा देवावर विश्वास आहे, पण माणसांवर तो चटकन बसत नाही, हे तुम्ही जाणताच. गेल्या हिवाळ्यात तर देवावरचाही डळमळला होता. आजोबांनी सत्तरीनंतर हट्ट धरला, की हिमालयात जायचं. गर्दीच्या यात्रेला नव्हे, एका निवांत पायवाटेने वरच्या लहानशा शिवमंदिरापर्यंत चालत. डॉक्टरांना त्यांच्या मधुमेहाची काळजी होती. मी रोज दिवा लावताना विचारायचे, "हे बोलावणं तुझं, की यांच्या हट्टाचं?"

सरावासाठी आम्ही सुट्टीच्या दिवशी इथून, दुबईहून, रास अल खैमाच्या डोंगरात जात होतो. एका शनिवारी एकादशी होती. आजोबांचा उपास होता आणि सवयीने त्यांनी सकाळी मधुमेहाची गोळीही घेतली होती. गोळीचं मला ठाऊक नव्हतं. वाट सुनसान, दोन्हीकडे करडे, उघडे कडे. निम्मं चढल्यावर लक्षात आलं, की टोपी डोळ्यांवर ओढलेला एक माणूस मागून येतोय. आम्ही थांबलो की तोही थांबे, मोबाइल उंच धरी, हातवारे करी. वाऱ्यात शब्द कळत नव्हते. आमचे फोटो कशाला काढतोय हा? मी पिशवी पुढे घेतली.

"चला हो, भरभर."

"अगं, डोंगर काय तुझ्या बापाचा आहे? येऊ दे की त्यालाही."

एवढं बोलून आजोबा खाली बसले. कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळायला लागलं. साखर उतरली, हे मला कळलं. पिशवीत ग्लुकोजची बिस्किटं होती. मी तोंडाशी नेली, तर त्यांनी दात घट्ट मिटले. "आज एकादशी," एवढंच पुटपुटले. मी रागावले, हात जोडले, त्यांच्या ओठांवर बिस्कीट दाबलं. ते मान फिरवत राहिले. फोनला रेंज नव्हती. शेवटी मी बिस्कीट टाकलं आणि मोठ्याने म्हटलं, "आता तूच बघ."

तेवढ्यात तो माणूस येऊन पोचला. त्याने आजोबांच्या डोक्याखाली द्यायला माझी पिशवी ओढली आणि मी ती हिसकावून घेतली.

"काकू, ठेवा तुमची बॅग तुमच्यापाशी," तो धापा टाकत मराठीत म्हणाला. "केव्हापासून हाका मारतोय. फाटा चुकलात तुम्ही, पुढे वाट नाही. रेंज शोधतोय तर ती पण नाही. आणि तुम्ही पळताय!"

मी बिस्किटांचं सांगितलं. तो आजोबांजवळ उकिडवा बसला, खिशातून खजूर काढून बिया काढू लागला. "काका, खजूर चालतो तुमच्या उपासाला. रत्नागिरीत आमच्या शेजारच्या जोशीकाकू एकादशीला हाच खायच्या. आमचा रोजाही ह्याच्यावरच सुटतो. आता तोंड उघडा, यल्ला, चला लवकर!"

आजोबांनी तोंड उघडलं. मला मात्र तेव्हाही वाटत होतं, हा देतोय काय, आणि का देतोय? एक, दोन, मग आणखी. हळूहळू थरथर थांबली. त्यांनी मला ओळखून विचारलं, "एवढी रडतेस कशाला?" तेव्हा कळलं, मी रडत होते.

त्या गृहस्थाचं रास अल खैमात टाइल्सचं दुकान आहे. त्या दिवशी तो दुसऱ्या वाटेने निघाला होता. आम्हाला चुकताना पाहून इकडे वळला. त्याला देवाने पाठवलं, असं मी तुम्हाला पटवणार नाही. मी त्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "मला बायकोने पाठवलंय, पोट कमी करायला."

उतरताना घसरणीच्या जागी त्याने आजोबांना एका बाजूला धरलं आणि दुसरा खांदा मला दिला. मी नुसती बोटं टेकवली.

"काकू, वजन टाका. नुसता हात ठेवून काय होतं? तिघंही पडू."

मग टाकलं. हिमालयाचं अजून ठरलेलं नाही. ते ज्याचं त्याने ठरवावं, मी देवाला विचारणं सोडलंय. आजोबा शेजारच्या खोलीत तुमच्याशी फोनवर मोठमोठ्याने बोलताहेत, इथे लिहिताना मला ऐकू येतंय. तेवढ्यासाठी मी रोज हात जोडते, आणि आता जोडताना नुसती बोटं टेकवत नाही.