म्हसोबाचा नारळ

माझी फुप्पी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, चार महिन्यांसाठी म्हणून चुलत्याकडे कराचीला गेली, आणि तेवढ्यात देशाची फाळणी झाली. ती तिकडची झाली ती झालीच. अब्बा तेव्हा सहा वर्षांचे, ती अकराची. परवा माझ्या लेकानं काय काय उद्योग करून तिच्या नातीचा नंबर मिळवला आणि पौडच्या आमच्या दुकानात व्हिडिओ कॉल लावला. अब्बा दाढी विंचरून तयार. शेजारचे काका, अब्बांचे लंगोटीयार, सगळ्यांत पुढची खुर्ची अडवून बसलेले.

पडद्यावर नव्वदीची म्हातारी. बोली मात्र तीच, आमची मावळातली. म्हणते काय, "ह्यो माझा भाऊ कशावरनं? फोनवर लई फसवत्यात. मी हिकडं आले त्या साली भाताच्या लावणीआधी आपण दोघांनी काय केलं हुतं ते सांग, न्हाईतर ठिवते."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर अब्बा या आवाजासाठी झुरले, आणि ही बया फोन ठेवते म्हणतेय! मी ओरडलेच, "अब्बा, सांगा की!" अब्बा एकदा फोनकडे बघतात, एकदा काकांकडे.

"ठिवू का?"

"म्हसोबाचा नारळ," अब्बा पुटपुटले. "गावानं देवाला ठेवलेला. आपण खाल्ला. आन् करवंट्या ह्याच्या गोठ्यात टाकल्या."

काका ताडकन उठले. त्या करवंट्यांपायी त्यांनी बापाच्या हातचा गुरांच्या दाव्याचा मार खाल्ला होता, हे आम्ही शंभरदा ऐकलेलं. "अरं भामट्या! आन् नारळ कोल्ह्यानं पळवला म्हनून मी आजवर त्याला शिव्या देतुया!"

सगळं दुकान हसून लोळलं. पलीकडे फुप्पी ओढणी तोंडाला लावून हसत होती. "माझाच भाऊ हाय गं," ती नातीला सांगत होती, आणि नातीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. अब्बा हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता.

काका फोनवर वाकले. "तू हसू नगंस. फोनवर माफी न्हाई. हितं ये, कान धर, मग बगू."

फुप्पीचं हसू थांबलं. मला वाटलं, झालं, दुखावली म्हातारी. ती डोळे पुसत म्हणाली, "आजून माझ्यावर रागवायला तितं कुणीतरी हाय म्हनायचं. मी हाय तवर ह्यो राग सोडू नगंस रं."

"सोडतुय व्हय!" काका म्हणाले.