खाली नाव कुणाचं?

बाईंनी स्टेपलर भिंतीवर फेकला की समजायचं, कुणीतरी नाव नसलेला रिपोर्ट पुढे ठेवलाय. "खाली नाव कुणाचं?" एवढंच विचारायच्या. उत्तर येईपर्यंत कागदाचे तुकडे झालेले असायचे.

निफाडजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये बाई आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. कुणाचा माल का नाकारला, याचे रिपोर्ट आम्ही डेटाबेसमधून काढायचो आणि चूक निघाली की एकमेकांकडे बोटं दाखवायचो. म्हणून बाईंनी रिपोर्टच्या तळाशी काढणाऱ्याचं युजर नेम आणि फाइल कुठल्या मशीनवर आहे, हे आपोआप छापून येईल असं केलं. "आपल्या कागदामागं उभं राहता आलं पायजे," म्हणायच्या. तोंडानं अशी फटकळ, पण डब्यातली अर्धी भाकरी दुसऱ्याला देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आम्ही त्यांना टरकून असायचो, आणि जीवही होता आमचा त्यांच्यावर.

एका दुपारी एक व्यापारी तिघांना घेऊन आत घुसला. त्याच्या द्राक्षांत बंदी असलेल्या फवारणीच्या औषधाचा अंश सापडला होता, कंटेनर अडला होता. एकाच्या हातात लोखंडी गज. व्यापाऱ्यानं रिपोर्टखालचं नाव मोठ्यानं वाचलं. ते हरसूलहून आलेल्या आमच्या नव्या ऑपरेटरचं होतं. घरी तान्हं लेकरू सोडून ती कामाला यायची. "कोन हे ही? भायेर काढा तिला."

ती खुर्चीतच थिजली. बाई उठल्या.

"नाव तिचं हे. रिपोर्ट माझा."

गज त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलेलं मी ऐकलं. बाईंनी डाव्या हातानं त्या माणसाची कॉलर धरली, तर त्यानं बाईंचं तोंड टेबलावर आपटलं. कीबोर्डभर रक्त झालं. मग समोरच्या मशीनचा चुराडा करून, पुरावा संपला असं समजून सगळे निघून गेले. नावाखालची ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. फाइल मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर होती. पोलिसांनी ती तिथूनच काढली.

नाशिकला ऑपरेशन झालं, पण बोटं मिटेनात. बाई एकदा येऊन डाव्या हातानं डेटाबेसमध्ये काहीतरी बदलून गेल्या. तेव्हापासून रिपोर्ट कुणीही काढो, खाली बाईंचंच नाव येतं. मला त्यांचा रागच आला. जन्मभर आम्हाला शिकवलं काय आणि केलं काय.

या उन्हाळ्यात बाई सायखेड्याला, आपल्या घरी वारल्या. ते नाव काढायला अजून कुणाचा हात धजलेला नाही.

परवा दुसरा एक व्यापारी रिपोर्ट नाचवत आला, बाईंचं नाव घेऊन शिव्या देत. हरसूलच्या ऑपरेटरनं खुर्ची मागे सारली आणि ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"नाव बाईंचं आहे. रिपोर्ट माझा."