आमच्या घरातली आगपेटी

जबलपूरच्या खमरिया कारखान्याचं क्वार्टर मिळायच्या आधी आम्ही गोहलपुरात एका खोलीत राहायचो. भिंतीपलीकडे लोहाराचं दुकान होतं, त्यामुळे दिवसभर घण ऐकू यायचा. खोलीला खिडकी नव्हती. बाबा मालगोदामात पोती उचलायचे आणि आई दारात बसून बिड्या वळायची. आम्ही विदर्भातून आलेले मराठी ख्रिस्ती. घरात बिडी कोणी ओढत नव्हतं, पण पोट बिडीवरच चालायचं. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, तेव्हा लहान होता. आईबाप गेल्यावर आईनं त्याला कडेवर घेऊन जबलपूरला आणलं होतं. ती बिडी वळायची, तो दोरा गुंडाळायचा. पावसाळ्यात पानं दमट व्हायची, ठेकेदार निम्म्या बिड्या खराब म्हणून फेकून द्यायचा, आणि त्या दिवशी आम्ही तांदळाची पेज पिऊन झोपायचो. आई स्वतः प्यायली की नाही, हे कोणी विचारत नसे. मामा मात्र विचारायचा.

यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. त्याच खोलीतली मुलगी पुढे बी.ए. झाली, आईच्या आणि बाबांच्या दोन्ही घराण्यांत पहिली, आणि ते मी चारचौघांत मान वर करून सांगते. पण डिग्रीचं पुरे. सांगायचं आहे ते आगपेटीचं.

बाबांना खमरियाच्या कारखान्यात काम मिळालं, गोळ्यांमध्ये दारू भरायच्या विभागात. मग क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागं अंगण आणि दोन खिडक्या. मामा मोठा झाला तसा बाबांनी शब्द टाकून त्यालाही त्याच विभागात लावलं. आई म्हणायची, आता देवानं आपल्याला हात धरून वर घेतलं.

त्या विभागात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे माचिस. गेटावर दरबान अंग चाचपायचे. बिडी ओढणारे लोक आपापली बिडी-माचिस बाहेरच्या चहाच्या खोक्यावर, म्हणजे टपरीवर, ठेवून आत जायचे. आत गेल्यावर एका खोलीत अंगावरचे कपडे खुंटीला टांगायचे आणि कारखान्याचे बिनबटणाचे, नाडीचे कपडे घालायचे. कोणाजवळ एक काडी जरी सापडली तरी नोकरी गेली म्हणून समजा.

मग पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, बसच्या दिव्यांना अर्धा काळा रंग लागला. पाळी लांबली. बाबा आणि मामा अंधारात जायचे, अंधारात यायचे. गेटावर इतकी गर्दी व्हायची की दरबान खांद्याला हात लावून पुढं ढकलायचे, "चलो, चलो, आगे बढ़ो."

त्याच दिवसांत आईला ताप आला. एका सकाळी मामानं उठून शेगडी पेटवली, आईला चहा करून दिला, माझी वेणी घालायचाही प्रयत्न केला. भोंगा झाला तसे दोघं पळत निघाले.

त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत बाकाखाली आगपेटी सापडली.

कोणीच पुढं आलं नाही. साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी एका माणसाला जीपमध्ये बसवून नेलं. ते गोहलपुरात राहायचे, म्हणून सगळे त्यांना गोहलपूरवाले भाई म्हणायचे. ज्या बाकाखाली आगपेटी सापडली, त्याच्यावरची खुंटी त्यांची होती. ते बिडी ओढायचे, आणि त्या विभागात ते एकटेच मुसलमान होते. एवढं पुरलं. तिसऱ्या पाळीपर्यंत कारखान्याच्या सगळ्या वसाहतीत बोभाटा झाला की दारूखाना उडवायला आलेला माणूस पकडला.

बाबांचं आणि भाईंचं काही विशेष सख्य नव्हतं. भाई बाबांना 'पादरी' म्हणून चिडवायचे. "काय पादरी, न बीड़ी, न पान, जन्नत में जाके भी क्या करोगे?" बाबा हसायचेही नाहीत.

त्या रात्री जेवताना बाबांनी हे सगळं सांगितलं. आईचा ताप उतरला होता. ती तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "अन् आपली आगपेटी कुठं गेली बाप्पा? दोन दिवसांपासून पाहून राहिली. शेवटी शेजारून विस्तव आणला."

मामानं हातातला घास ताटात ठेवला.

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "तू खिशात हात घातला अन् पांढरा पडला, ते मी पाह्यलं. मंग पायानं बाकाखाली सरकवली. दोन दिवस वाट पाहून राहिलो तू कधी बोलते म्हणून."

"ताईचा चहा केला अन् ध्यान नाही राह्यलं," मामा म्हणाला. "खिशातच राह्यली. दरबानानं पाह्यलंच नाही नीट. जिजाजी, मी कधी बिडीला हात नाही लावला."

"ते मला काहून सांगते? साहेबाला सांग."

"काहून सांगू? नोकरी तर जाईलच. अन् पकडून नेतील. गद्दार म्हणतील मले."

"आज कोणाला म्हणून राहिले?"

बाबांनी हात धुतले. "मी सांगितलं तर तू पकडला जाशील. तू सांगितलं तर निदान भुललो म्हणून सांगता येईल. म्हणून थांबलो. सोमवारच्या पहिल्या भोंग्यापर्यंत थांबतो. मग मी जाईन."

आई एकदम म्हणाली, "तुम्ही नका जाऊ." भाकरी तव्यावर करपत होती, तिचं लक्ष नव्हतं. "त्यांना सोडतील दोन दिवसांत. त्यांनी काही केलंच नाही तर कशाला ठेवतील?"

"तू असं म्हणून राहिली?" बाबांनी विचारलं.

"हो, मी म्हणून राहिली. माझा चहा केला त्यानं."

पुढचे दिवस घरात सगळे हळू बोलायचे. मला एक कळत नव्हतं. आई-बाबा दोघं मला रोज शिकवायचे की खरं बोलावं, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी. आता दोघं समोरासमोर होते आणि दोघंही प्रीतीचंच बोलत होते, पण आईची प्रीती मामापाशी थांबत होती.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर मोडून सगळ्यांनी खायचा विधी. आमच्या चर्चच्या मंडळीत रीत होती की प्रभुभोजनाच्या आधी मंडळीचे एक पंच घरोघरी जाऊन विचारायचे, घरात कोणाशी अबोला आहे का, कोणाचं काही देणंघेणं, कोणाचा राग मनात आहे का. असेल तर आधी ते मिटवायचं, मगच भाकर घ्यायची. शुक्रवारी ते आले. म्हातारे, रेल्वेतून निवृत्त झालेले. मामा घरात नव्हता. चहा घेऊन त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय, सगळं ठीक आहे ना घरात?"

बाबांनी सांगून टाकलं.

पंचांनी कप खाली ठेवला. "हे पाहा," ते म्हणाले, "आपण इथं मूठभर. आधीच लोक म्हणतात हे गोऱ्या साहेबाच्या धर्माचे. उद्या आपलाच पोरगा निघाला तर काय म्हणतील? तुम्ही पोराला माफी मागायला लावा प्रभूजवळ. बाकी प्रभू पाहून घेईल."

"अन् त्या माणसाचं?"

"त्याचंही प्रभू पाहील."

"साहेब," बाबा म्हणाले, "तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं. सगळं ठीक नाही आमच्या घरात."

पंच उठले. दारातून जाताना आईकडे पाहून म्हणाले, "समजाव तुझ्या नवऱ्याला, बाई." आईनं होकारार्थी मान हलवली. मला तेव्हा आईचा राग आला होता.

शनिवारी सकाळी आई मला घेऊन रेशनच्या दुकानात निघाली. वाट कारखान्याच्या गेटावरून होती. गेटाबाहेर कडुलिंबाखाली एक बाई डबा घेऊन उभी होती, बुरखा तोंडावरून वर घेतलेला. दरबान तिला सांगत होता, "बाई, वो यहाँ नहीं है, कितनी बार बोलें?" ती हलत नव्हती. चहावाला आईला म्हणाला, "गोहलपूरवाले भाई की घरवाली है. रोज आ जाती है."

आई पुढं गेली, थांबली, परत आली. त्या बाईनं तिला विचारलं, "आपके आदमी यहीं काम करते हैं?"

"हाँ."

"कौन-से में?" आईनं विभाग सांगितला. ती बाई आईचा हात धरून म्हणाली, "फिर तो साथ ही में हैं! बहन, पूछिए ना उनसे. बीड़ी पीते हैं ये, मैं झूठ नहीं बोलूँगी. पर माचिस तो इसी खोखे पर रख के जाते थे, इससे पूछ लो. आपके आदमी ने कुछ तो देखा होगा?"

चहावाला मान खाली घालून कप विसळत होता. आई म्हणाली, "पूछती हूँ." तेवढंच. रेशनच्या दुकानात न जाता आम्ही घरी परतलो. पिशवी रिकामीच होती, आणि आईनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

घरी मामा अंगणात दोरीवरून कपडे काढत होता. आईनं त्याला काही सांगितलं नाही.

आमची स्वतःची इमारत नव्हती. हिंदी मंडळीची उपासना आटोपली की दुपारी त्याच चर्चमध्ये आम्हा मराठी घरांची उपासना व्हायची. रविवारी आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. मधल्या वाटेकडच्या टोकाला बाबा, मग आई, मग मी, आणि भिंतीशी मामा. मामानं पांढरा शर्ट घातला होता. पुढच्या बाकाची पाठ त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.

पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, भाकर मोडली. पंच थाळ्या घेऊन बाकाबाकाशी जायचे, थाळी टोकाच्या माणसाच्या हातात द्यायचे, तो एक तुकडा घ्यायचा आणि थाळी शेजारच्याला द्यायचा. आमच्या बाकाशी शुक्रवारचेच पंच आले. बाबांनी थाळी हातात घेतली. तुकडा घेतला नाही. थाळी आईकडे सरकवली.

मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. प्रभुभोजन नाकारणं म्हणजे सगळ्या मंडळीसमोर सांगणं की माझ्या घरात काहीतरी सडलेलं आहे. आमच्या चर्चमध्ये ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आता थाळी आईच्या मांडीवर होती. तिनं तुकड्यांकडे पाहिलं. पंच वाकून हळूच म्हणाले, "घे, बाई." पेटीवर गाण्याचा सूर चालू होता, तो एकदा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मला वाटलं, आई घेईल. घेतलं असतं तर मामा वाचला असता, निदान सोमवारपर्यंत. सगळे आमच्याकडे पाहत होते. आईचा हात थाळीच्या काठावर होता.

तिनं थाळी माझ्या हातात दिली. घेतलं नाही.

मी अजून मंडळीची पूर्ण सभासद झाले नव्हते, मला घ्यायचंच नव्हतं. मी थाळी मामाला दिली.

मामापलीकडं भिंत होती. थाळी पुढं द्यायला कोणी नव्हतं. एक तर घ्यायचं, नाहीतर आमच्या सगळ्यांवरून परत पाठवायची. तो थाळी धरून बसला. त्यानं आईकडे पाहिलं. आई समोर पाहत होती, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती.

मामा उभा राहिला. "आगपेटी माझी होती," तो म्हणाला. आवाज फाटला म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. "कारखान्यात सापडली ती. भाईंची नव्हती. माझ्या खिशात होती, चुकून. मी उद्या जाऊन सांगतो."

पेटी थांबली. पाळकांनी टेबलाशीच डोळे मिटले. पंचांनी हात पुढं करून मामाकडून थाळी घेतली, आणि ते जागचे हलले नाहीत. मग ते आईला म्हणाले, "मी पण येतो उद्या, याच्यासोबत." आणि ते खरंच आले. काळा कोट घालून, काठी टेकत, पहिल्या भोंग्याच्या आधी गेटावर उभे होते.

मामाला ठाण्यात नेलं. विचारपूस झाली, पुष्कळ झाली. आईचा ताप, शेगडी, शेजारून आणलेला विस्तव, सगळं शेजाऱ्यांनी सांगितलं. दगाबाजीचा आरोप टिकला नाही. नोकरी गेली ती गेलीच. कॉलनीत काही घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं. नळावर एक बाई आईला म्हणाली, "अपने भाई को फँसा के किसको बचाया, पता है?" आईनं घागर भरली आणि म्हणाली, "हाँ, पता है."

भाई सुटले तसे एका संध्याकाळी आमच्याकडे आले. आत बसले नाहीत. दारातच उभे राहून बाबांना म्हणाले, "पादरी, बहुत देर लगाई."

"हाँ भाई, लगाई," बाबा म्हणाले.

"तुमने देखा था?"

"देखा था."

एक शिवी भाईंच्या तोंडाशी आली असावी, ती त्यांनी गिळली. मग आईकडे वळून म्हणाले, "लड़का कहाँ है?" मामा आतून बाहेर आला. भाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बीड़ी पीता नहीं और माचिस ले के घूमता है. बेवकूफ़." एवढं बोलून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच, आणि निघून गेले.

मामा सिहोऱ्याला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे तोलायला लागला. तिथंच त्याचं लग्न झालं, तिथंच राहिला. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा सिहोऱ्याहून बसनं यायचा तो, हातात हरभऱ्याची डहाळी, आणि मला विचारायचा, "अभ्यास करून राहिली ना?" त्या रविवारबद्दल तो आणि आई कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. पण प्रभुभोजनाच्या रविवारी तो सिहोऱ्याहून यायचाच, आणि त्याच भिंतीशी बसायचा. थाळी आली की घ्यायचा.

भाई आपल्या कामावर परत गेले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्याच खुंटीला कपडे टांगले.