सेलखालची काळी रेघ

"माझ्या खोडरबराला हात लावायचा नाही, हे मी कितीदा सांगायचं?" थोरली काउंटरवरूनच कडाडली.

"ताई, एकदाच वापरला हो. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत होतात." धाकटी जाऊ मागच्या टेबलावर, दिव्याखाली मान घालून बसली होती.

"मान वर करून बोल. एकदाच वापरला तर टोक असं गोल कसं झालं? मी तो पात्यासारखा कापून ठेवते. फक्त टोकानं कॅसेटच्या पिना घासायच्या असतात. फळा पुसायचा नसतो."

"अगं, खोडरबरावरून काय भांडण?" आतल्या खोलीतून थोरलीचा नवरा म्हणाला. "ड्रॉवरमध्ये दुसरा आहे, तो घे. तिचा हात लागलाय कामाला, उगाच मोडता घालू नकोस."

काउंटरपुढे उभं असलेलं गिऱ्हाईक आपल्या मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखं बघू लागलं. थोरलीनं ड्रॉवर उघडला आणि दुसरा खोडरबर न घेताच आपटून बंद केला. तिचा हात लागलाय म्हणे कामाला! आणि आपला इतकी वर्षं काय भाजीला लागला होता?

घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यानं कधी शिकवलं नव्हतं, पण जुने व्हिडिओ गेम आणि त्यांच्या कॅसेटी दुरुस्त करणारा आसपास तो एकटाच. मध्ये काही वर्षं अशी गेली की दुकान बंदच करावं लागणार असं वाटत होतं. मग लहानपणी खेळलेली पोरं चाळिशीला आली, माळ्यावरच्या पेट्या उघडल्या, आणि टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं हातात कॅसेट धरून दारात उभी राहू लागली. "चालत नाहीये हो," असं अगदी आजारी मांजर आणल्यासारखं सांगायची.

थोरली लग्न होऊन आली त्याला बावीस वर्षं झाली. पहिल्या आठवड्यातच मास्तरांनी तिला पिना घासायला बसवलं. कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीत एक हिरवी पाटी, तिच्या खालच्या कडेला सोनेरी पिनांची ओळ. त्या काळवंडल्या की पडद्यावर नुसत्या चौकटी उड्या मारतात. मग लोक काय करतात? फुंकतात. थुंकीची वाफ पिनांवर बसते, पिना आणखी काळ्या पडतात, लोक आणखी जोरात फुंकतात. थोरली डबी उघडून नुसता वास घ्यायची आणि समोरच्याला म्हणायची, "किती वर्षं फुंकताय?" माणूस ओशाळायचा. आधी खोडरबराच्या टोकानं, मग कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून ती एकेक पिन लख्ख करायची. दहातल्या सात कॅसेटी तेवढ्यावरच चालायच्या. उरलेल्या तीन मागच्या टेबलावर जायच्या. तिथं तापलेल्या सोल्डरिंगचं काम असायचं, कथील वितळवून डाग द्यायचा असायचा, आणि तिथं मास्तर बसायचे.

पहिल्या वर्षी एकदाच तिनं ते सोल्डरिंग हातात घेतलं होतं. जास्त वेळ टेकलं गेलं आणि पाटीवरची तांब्याची टिकली उचकटली. मास्तर दोन गिऱ्हाइकांदेखत हसले. "राहू दे बाई, तू आपली घास."

ती घासत राहिली. पण डोळे काही बांधून ठेवले नव्हते. चहा ठेवायला गेली की क्षणभर जास्त थांबायची, कॅसेट द्यायला गेली की वाकून बघायची. बावीस वर्षं असं उभ्या उभ्या बघत गेली.

गेल्या वर्षी मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, बारीक काम सोडा. थोरली तीन दिवस वाट बघत होती, आता म्हणतील, आता म्हणतील. चौथ्या दिवशी मास्तरांनी धाकट्या भावाच्या बायकोला हाक मारली.

"तुला काउंटर आहे ना," ते रात्री थोरलीला म्हणाले. जणू काउंटर हा तिच्या शरीराचाच एक अवयव होता.

धाकटीला घरात येऊन तीनच वर्षं झालेली. तिच्यासाठी खुर्चीची उंची कमी झाली. धूर नाकात जाऊ नये म्हणून छोटा पंखा आला. तिला समजावताना मास्तरांचा आवाज असा मऊ व्हायचा, की थोरलीच्या अंगाचा तिळपापड होई. "बघ हं, घाई नाही. शाब्बास!" बावीस वर्षांत थोरलीच्या वाट्याला "झालं का?" आणि "सरक जरा" एवढंच आलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? त्यात पोरगी वाईटही नव्हती. दुरुत्तर करायची नाही, आपला कप आपण विसळायची. वाईट असती तर थोरलीला केवढा आधार झाला असता.

अशातच एका नर्सबाईंची कॅसेट आली. ड्युटी संपली की त्या एकच गेम खेळायच्या. पण खेळ कुठवर आला हे कॅसेट विसरून जात होती. अशा कॅसेटीत रुपयाएवढा एक सेल असतो. मशीन बंद असताना तोच खेळाची आठवण जपतो.

धाकटीनं डबी उघडली. जुना सेल गळून भोवती पांढरट बुरशी धरली होती. तिनं ती पुसली, जुना सेल काढला, नवीन बसवला. थोरली मागे येऊन उभी होती. तिला दिसलं: सेलच्या खालून, हिरव्या रंगाच्या आतून, केसाएवढी एक काळी रेघ खेळ साठवणाऱ्या चिपपर्यंत गेली होती. गळलेला रस रंगाखाली शिरून तांबं खात होता. या दुकानात सेल गळलेला असला की वरचा रंग खरवडून, व्हिनेगरनं धुऊन, तांबं चमकतंय का हे बघायचं, हा रिवाजच होता. काळं दिसलं तर तिथं बारीक तार घालायची. नवा सेल आज काम देतो, पण उरलेलं तांबं तुटलं की संपलं.

'त्याच्याखाली खरवड गं,' हे शब्द थोरलीच्या ओठांवर आले. तेवढ्यात मास्तर वाकून म्हणाले, "वा! काय सुबक डाग दिलायस! चांगल्या दिवसांत माझा असा पडला नसता."

थोरलीनं ओठ मिटले आणि काउंटरवर जाऊन बसली.

नवव्या दिवशी नर्सबाई परत आल्या. "सगळं पहिल्यापासून सुरू झालं हो!"

"सेलच खराब निघाला असेल," म्हणत धाकटीनं दुसरा सेल बसवला. नाचता येईना अंगण वाकडं, थोरली मनात म्हणाली आणि पावती फाडली. सहा दिवसांनी नर्सबाई पुन्हा दारात. या वेळी बसल्यासुद्धा नाहीत.

"रुग्णाला मी दोनदा एकच चुकीची सुई टोचली असती तर मला ठेवलं असतं का कामावर?"

मास्तरांनी कॅसेट हातात घेतली. हात थरथरत होता, चष्मा कपाळावर होता, दिसलं काहीच नाही. मग सगळ्यांसमोर धाकटीवर उखडले. "वर्षभर शिकवलं ते हेच? सेल बसवणं लहान पोरालाही येतं!"

धाकटीचे कान लाल झाले. थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं.

"माझीच चूक," मास्तर नर्सबाईंना म्हणाले. "बाईमाणसाच्या हातात हे काम द्यायलाच नको होतं. ही कॅसेट संपली म्हणा. आजपासून मागचं टेबल बंद. इथं साफसफाई तेवढी होईल." आणि ते आत निघून गेले.

ते गार पाणी थोरलीच्या पोटात एकाएकी जड झालं. टेबल धाकटीकडून जावं असं तिला वाटत होतं. टेबलच जावं असं नव्हतं वाटत. शिवाय बाईमाणूस म्हणजे काय एकटी धाकटी होती?

"बाई, चार वाजता या," ती नर्सबाईंना म्हणाली. आणि मागे जाऊन धाकटीला म्हणाली, "ऊठ."

धाकटी उठली. थोरली बसली. खुर्ची तिला बुटकी होत होती, गुडघे टेबलाला टेकत होते. तिनं सेल काढला, पात्यानं हिरवा रंग खरवडला. खालचं तांबं काळं पडून मधेच तुटलं होतं. व्हिनेगर, मग स्पिरिट. बारीक तार कापली, सोल्डरिंग उचललं. पहिला डाग बेढब पडला, मुंगीच्या वारुळासारखा. तिनं तो शोषून काढला. दुसरा बसला. नवा सेल लावून चिपच्या पायाला मीटर टेकवला, तर आकडा तीनवर आला, सेलची पूर्ण वीज पोचत होती.

धाकटीनं मीटर पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आज कळलं?"

"पहिल्या दिवशीच दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत? माझी एवढी शोभा झाली!"

"सांगायचं नव्हतं म्हणून."

"मी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

थोरलीनं सोल्डरिंगचं बटण बंद केलं. "काही नाही. हाक मारल्यावर बसलीस, एवढंच."

दुपारी सगळे जेवायला बसले. सासूबाई, मास्तर, जेवायला घरी आलेला दीर, आणि धाकटी, जिनं ताटातलं काही उचललं नव्हतं.

"ते टेबल उद्या माळ्यावर टाकू," मास्तर भावाला म्हणाले.

"कॅसेट नीट झाली," थोरली म्हणाली. "मी केली. खाली खरवडायला ही विसरली, ती हिची चूक. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि मी मुद्दाम बोलले नाही, ती माझी."

"मुद्दाम?" मास्तरांचा घास हातातच राहिला.

"हो. जळत होते हिच्यावर. अजूनही जळते."

"अगं बाई, असं कुणी बोलून दाखवतं का!" सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, जाऊ दे ना," दीर पुटपुटला.

"टेबल कुठंही जाणार नाही. उद्यापासून सकाळी तिथं मी बसेन, दुपारनंतर ही. पिना ज्याच्या त्यानं घासायच्या." तिनं पाण्याचा तांब्या मास्तरांच्या पुढ्यात सरकवला. "आणि काउंटर तुम्ही सांभाळायचं."