भावकूनं पास केलेली रायफल

बेळगावात जुनी बावीस बोअरची रायफल विकायला निघाली, की ती आधी भावकूच्या हातात जायची. कागदपत्रं, परवानगी, घासाघीस, सगळं त्यानंतर. गुंजीचा हा माणूस शिकलेला सातवीपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी बंदुकीच्या दुकानात झाडू मारायला लागला आणि चाळीस वर्षांत मालकापेक्षा मोठा झाला. नावानं, पगारानं नव्हे.

लाकडाच्या चकाकीला तो भुलत नसे. पॉलिश काय, कुणीही करतं. बावीस बोअरच्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. हौशी लोक रिकाम्या रायफलचा चाप ओढत बसतात आणि काडतुसाऐवजी घोड्याची सुई नळीच्या बुडाची कड ठेचून ठेवते. ती ठेच तो नखानं ओळखायचा. पण खरी किंमत नळीत. नळी खिडकीकडे धरायची, उजवा डोळा लावायचा, आतले पिळाचे आटे बघायचे आणि आकडा सांगायचा. त्याची चिठ्ठी असली की कोगनोळी नाक्यापलीकडचे, महाराष्ट्रातले विक्रेतेसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नसत.

त्या उजव्या डोळ्यात काचबिंदू उतरला. डावा आधीच गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भावकूनं ते बायकोला, जयाबाईलाही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, यात दोन मतं नाहीत. पण नळीत बघण्यापलीकडे या माणसाजवळ काही नव्हतंच. ते गेलं तर दुकानात त्याला चहा तरी कुणी कशाला विचारेल?

अशात निपाणीच्या एका वकिलांची रायफल आली. वकील वारले होते, घरात दुसऱ्या कुणाच्या नावावर परवाना नव्हता, म्हणून त्यांच्या पत्नी वसुधाबाईंना ती विकणं भाग होतं. ही रायफल भावकूच्या ओळखीची. वर्षानुवर्षं त्यानंच पुसलेली. त्यानं नळी खिडकीकडे धरली. आत पांढरा, सारखा उजेड दिसला. डोळ्यातलं धुकं होतं ते. त्याला वाटलं, चकाकी.

हात कोपऱ्यातल्या पितळी गजाकडे गेला होता. गजाला फडकं लावून नळीतून ओढलं असतं तर हाताला कळलं असतं. तेवढ्यात मालक उपेंद्र हसले.

"भावकूमामा, तुम्हाला कधीपासनं गज लागायला लागला?"

भावकूनं हात मागं घेतला. "आरशागत हाय," म्हणाला, आणि चिठ्ठी लिहून दिली.

ती रायफल सदलग्याच्या रविराज सरांनी घेतली. सर शाळेत खेळाचे शिक्षक. मुलगी प्रियदर्शनी नेमबाजीत चांगली, दुसऱ्याची रायफल मागून मागून जिल्ह्यात पहिली आलेली. राज्याच्या निवडीसाठी हक्काची रायफल हवी म्हणून सरांनी जमिनीचा तुकडा विकला. भावकूची चिठ्ठी त्यांनी रायफलच्या पेटीत जपून ठेवली.

पोरीच्या गोळ्या फाकायला लागल्या. सरांनी तिचा श्वास सुधारला, उभं राहणं सुधारलं, पहाटे पळवलं, जेवणात बदल केला. रायफल तपासायचं काही त्यांच्या मनात आलं नाही. भावकूमामांनी पास केलेली वस्तू. दोन वर्षांत दोनदा निवड हुकली. दुसऱ्या खेपेला पोरीनं रायफल पेटीत ठेवली ती पुन्हा काढलीच नाही. चिकोडीच्या एका पतसंस्थेत नोकरीला लागली.

मग सर रायफल विकायला परत दुकानात घेऊन आले.

"पोरीतच दम नव्हता मामा," ते म्हणाले. "रायफल चांगली हाय. तुमचीच चिठ्ठी हाय की."

एव्हाना भावकूला रेल्वेच्या पाट्याही वाचता येत नव्हत्या. या खेपेला त्यानं कुणाच्या हसण्याची वाट न बघता गज उचलला. फडकं बुडाकडून सुरळीत गेलं आणि तोंडाशी, शेवटच्या चार बोटांत, अडखळलं. पुन्हा ओढलं. पुन्हा तिथंच. नळी आतून गंजानं खाल्लेली होती.

त्यानं वसुधाबाईंना फोन लावला. खंडेनवमीच्या पूजेचं विचारलं. यांना लकवा झाला तरी आपण पूजा एकदाही चुकवली नाही, असं बाईंनी मोठ्या समाधानानं सांगितलं. हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि नळीच्या तोंडावर कापलेलं लिंबू दाबून बसवायचं. लिंबू पूर्वीपासूनच असायचं. फक्त पूर्वी दुसऱ्या दिवशी भावकू जाऊन नळी पुसून यायचा. वकील अंथरुणाला खिळले तेव्हा त्याला बोलावणं थांबलं. लिंबू थांबलं नाही, त्याचा आंबट रस नळीतच राहत गेला. सहा वर्षं.

भावकूनं फोन ठेवला आणि सरांसमोर सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचंही.

"पोरीची चूक न्हाय सर. कवाच नव्हती. म्या आंधळ्यानं चिठ्ठी दिली."

उपेंद्र हिशेबाच्या वहीत मान खाली घालून बसले. गजावरून आपण हसलो होतो, हे त्यांना आठवलं की नाही, कोण जाणे. सरांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तिला कळू देऊ नका," ते म्हणाले. "आपल्याला जमत न्हाय, हे तिनं रडून रडून मान्य केलंय. वय बी निघून गेलं. आता हे कळलं तर ती मला माफ करायची न्हाय, मामा. रोज तिला बोल लावत हुतो मी."

भावकूनं दुकान सोडलं. राहा म्हणून कुणी म्हटलं नाही.

महिन्याभरानं तो विचारत विचारत चिकोडीला गेला. काय वाट्टेल ते होवो, पोरीला सांगायचंच, असं ठरवून. पतसंस्थेत काउंटरच्या मागं तीन-चार धूसर आकार बसलेले. त्यातली ती कुठली, हेही त्याला दिसेना. कुणीतरी "प्रियदर्शनी, शिक्का दे इकडं," म्हणालं, तसा तो त्या बाजूला सरकला.

"काय पायजे आजोबा?"

"खातं काढायचं हुतं," तो म्हणून गेला.

तिनं फॉर्म भरला. नाव विचारलं तेव्हा त्यानं वडिलांचं नाव पुढं केलं, मष्णू. तिला ओळखीचं वाटू नये म्हणून. मग सहीची जागा त्याला दिसेना, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरून पेन रेघेवर टेकवलं. चाळीस वर्षं त्यानं नळीवर टेकलेले हात बघितले होते. कापणारे, घामेजलेले, उतावळे. हा हात जराही हलत नव्हता.

"हितं करा आजोबा. सावकाश."

त्यानं बापाच्या नावानं सही केली आणि बाहेर पडला.