कूलरमधली तीन पिलं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हा त्यालाही नाही — तिथेसुद्धा दुसरंच काहीतरी बोलून परत येते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जाऊन नाही राहिलं.

नागपुरात, आमच्या जरीपटक्यात मला सगळे पाखरांची मावशी म्हणतात. उन्हाळा लागला की माझ्या दारात खोके यायला लागतात. चपलांचे, मिठाईचे, एकदा तर कळमन्याहून एक फळवाले काका आंब्याची पेटीच घेऊन आले. आत जुन्या बनियनवर एखादं उघडंनागडं पिलू चोच वासून बसलेलं. बुलबुलाचं, होल्याचं, कावळ्याचं, घुबडाचंसुद्धा. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेलच; घरट्यात इतकं तापतं की पिलं स्वतःच बाहेर उड्या टाकतात. मी घेते सगळ्यांना. उकडलेल्या अंड्याचा बलक, भिजवलेलं सातूचं पीठ, चिमट्याने एक घास, वीस मिनिटांनी दुसरा घास, उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत. गुडघे गेले, पाठ गेली. अठ्ठावन्न वर्षांची आहे, पण पायऱ्या चढताना सत्तरीची वाटते. थकले बाप्पा मी. आणि खरं सांगू? पिलांनी नाही थकले.

जो खोका घेऊन येतो त्याला मी आधी दारातच उभं करते. कुठून उचललं? आई होती का आसपास? तुमचा हात लागला तरी आई पिलाला घेते, जा, परत नेऊन ठेवा, लांबून पाहा. अन् पाणी चोचीत टाकू नका. जिभेच्या मागेच श्वासाचं भोक असतं, थेंब तिथे गेला की पिलू बुडून मरतं — कोरड्या खोक्यात बसल्या जागी बुडतं. लोक ऐकून घेतात, म्हणतात, मावशी, किती माहिती आहे हो तुम्हाला, कुठे शिकल्या? मी हसते. काय सांगू, कुठे शिकले? तेच तर सांगायला बसले आहे, अन् पाहा, अजून इकडचं तिकडचंच बोलून राहिले.

बावीस वर्षं झाली. माझी मुलगी ऋतू तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. आतल्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आमचा कूलर असायचा. वर्षभर तिथेच, थंडीत वरून पोतं टाकलेलं. होळी झाली की टाकी धुवायची, खसच्या ताट्या बदलायच्या, मोटारीत तेल सोडायचं. त्या वर्षी उशीर झाला. एप्रिलमधल्या एका रविवारी यांनी कूलरची मागची बाजू उघडली तर ताटीमागे घरटं. काड्या, सुतळी, पॉलिथिनची फाटकी पिशवी, अन् त्यात साळुंकीची तीन पिलं. समोरच्या तारेवर दोन्ही साळुंक्या जिवाच्या आकांताने ओरडून राहिल्या होत्या.

हे म्हणाले, “राहू दे वं. पंधरा दिवसांत उडून जातील. पंख्यात झोपू.”

साधा माणूस. साधी गोष्ट बोलला. पंधरा दिवस.

मी म्हटलं, मामंजींना बीपीचा त्रास आहे, त्यांना ऊन सोसत नाही, कूलर आजच लागला पाहिजे. हे खोटंच होतं. मामंजी समोरच्या खोलीत झोपायचे. कूलरच्या ओलाव्याने त्यांचे सांधे धरायचे, ते कूलरच्या वाऱ्याला उभे राहत नसत. कूलर माझ्या खोलीचा होता, माझ्या दुपारच्या झोपेचा. मला गरम होत होतं. एवढंच. इतकी वर्षं याच्याहून मोठं कारण शोधते आहे, सापडत नाही.

घरटं मी माझ्या हाताने उचललं. चपलांच्या खोक्यात ठेवून स्वयंपाकघरात नेलं. ऋतू रडायला लागली — यांची आई? मी सांगितलं, आता माणसाचा हात लागला, आता ती नाही घेणार यांना. तेव्हा सगळे असंच म्हणायचे. मलाही ते खरं वाटत होतं — संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी साळुंकी स्वयंपाकघराच्या खिडकीवर आली. चोचीत नाकतोडा. आत पिलांनी हलकल्लोळ केला, तशी ती गजांवर इकडून तिकडे नाचायला लागली. मागून दुसरीही आली, तिच्याही चोचीत काहीतरी वळवळत होतं. घेणार होत्या त्या. मी डोळ्यांनी पाहिलं. खोका उचलून मागच्या गॅलरीत ठेवायचा, दहा पावलं, झालं. का नाही ठेवला? सांगते. शेजारच्या काकू नुकत्याच पाहून गेल्या होत्या, किती माया वं तुले, म्हणाल्या होत्या. अन् ऋतू खोक्यापाशी मांडी घालून बसली होती, अशी पाहत होती माझ्याकडे, जशी मीच पिलांना वाचवलं. खोका बाहेर ठेवला असता तर आई चुकीचं बोलली, हे त्या पोरीला कळलं असतं. म्हणून मी खिडकी लावून घेतली.

पण मी अजून खरं सांगितलंच नाही. हे आपलं आधीचं झालं.

सोमवारी ऋतूची सकाळची शाळा. निघण्याआधी तिने मामंजींच्या कानात औषध टाकायचा जुना ड्रॉपर धुतला आणि प्रत्येक पिलाच्या चोचीच्या कडेला एकेक थेंब लावला. हळूच, जीभ बाहेर काढून, जसं चित्र रंगवते तसं. तिन्ही पिलं ठणठणीत होती. ती गेली. मी स्वयंपाक उरकला, कूलर लावला, अकराच्या सुमारास आडवी झाले. काय गार वारा आला! अन् तिकडे स्वयंपाकघरात पिलांचं सुरू झालं. बंद खिडकीबाहेर त्यांच्या आयांचं — आईबापाचं म्हणा — सुरू झालं. आतून चिंचिं, बाहेरून कलकल. उशी डोक्यावर घेतली. थांबेनात.

मी उठले. दयेने नाही उठले, रागाने उठले, हे सांगून ठेवते. तोच ड्रॉपर पूर्ण भरला आणि एका पिलाच्या वासलेल्या चोचीत पिचकन रिकामा केला. मग दुसऱ्याच्या. तिसऱ्याने चोच मिटून घेतली, म्हणून ते सुटलं. दोघं गप्प झाली. बरं वाटलं मला. जाऊन झोपले — अन् झोप लागलीसुद्धा.

ऋतू साडेबाराला आली. पाठीवरचं दप्तर न काढता आधी खोक्याकडे गेली. दोघांच्या माना पडलेल्या, चोचीपाशी पाण्याचा फेस. तिने एका बोटाने एकेकाची मान वर करून पाहिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “काहून मेले वं आई? मी सकाळी पाणी पाजलं म्हणून?”

किती उत्तरं होती माझ्याजवळ! नाही, एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. माहीत नाही म्हटलं असतं तरी. मी म्हटलं, “जास्त झालं असेल, बेटा.”

त्यातला ‘बेटा’ मला सगळ्यात जास्त टोचतो. डोक्यावरून हातही फिरवला मी तिच्या.

तिने दोघांना मागच्या कुंडीत पुरलं. दोन दिवस धड जेवली नाही. तिसरं पिलू जगलं. गुट्टू नाव ठेवलं, माझ्या खांद्यावर बसायचा, माझ्या ताटातला भात खायचा. गल्लीतले लोक पाहायला यायचे. त्यांच्यापैकीच कोणीतरी पुढच्या महिन्यात पहिला खोका आणून दिला, अन् मी मावशी झाले. ऋतूने मात्र त्यानंतर एकाही पिलाला हात लावला नाही. अंडं उकडून देईल, खोके पुसून देईल, बनियन फाडून अंथरेल, पण घास नाही भरवणार. लोक विचारायचे, पोरगी काहून घाबरते? मी म्हणायची, तिला नाही जमत. वर हेही म्हणायची!

आता ऋतू तीस वर्षांची आहे. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, दीड महिन्याचा नातू आहे मला. डॉक्टरांनी त्याला रोज ताकदीचे थेंब द्यायला सांगितलेत, ड्रॉपरने. पहिल्या दिवशी तिने ड्रॉपर भरला, बाळाच्या ओठांपर्यंत नेला आणि तिथूनच मागे घेतला. ड्रॉपर माझ्याकडे धरून म्हणाली, “तूच दे आई. माझ्या हातानं नको. तुले तर माहीत आहे.”

माहीत आहे. मलाच तर माहीत आहे.

तेव्हापासून रोज सकाळी नऊ वाजता थेंब मी देते. तो गिळेपर्यंत ती दाराशी पाठ करून उभी राहते. पुढच्या आठवड्यात सासरी जाईल. तिथे सासूबाईंनीच थेंब द्यायचे, असं तिने फोनवर आधीच ठरवून टाकलं आहे. काल बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, एकदम म्हणाली, “मी काही चांगली आई नाही होणार बहुतेक.” मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात दारावर कोणीतरी खोका घेऊन आलं, अन् मी उठले. उठायला मिळालं म्हणून बरं वाटलं मला — अगदी त्या दुपारसारखंच. दारात उभी राहून त्या माणसाला विचारलं, आई होती का आसपास?

आज सकाळी नऊला ऋतूने ड्रॉपर पुढे धरला. मी घेतला. गालाच्या कडेने, हळूहळू, जसे द्यायचे तसे थेंब दिले. बाळाने मिटक्या मारत गिळले. ती दाराशी वळली, डोळे पुसले आणि हसून म्हणाली, “तुझ्या हाताले गुण आहे, आई.”

मी हो म्हटलं.